आवाज कधी येतो?

गाडीतून नवीन आवाज यायला लागला की माणसं सगळ्यात आधी पार्टचं नाव घेतात. टपरीसमोर बॉनेट उघडलेली पिकअप दिसली, की चहा उकळायच्या आत निदान तयार. एक म्हणतो टायमिंगचं काम आहे. दुसरा म्हणतो पंप गेला. तिसरा खर्रा तोंडात टाकत निवांतपणे सांगतो, ‘इंजिन खोलाच लागते.’ जरा चौकशी केली की कळतं, ज्याच्या गाडीचं जे शेवटचं मोठं काम निघालं, तेच तो दुसऱ्याच्या गाडीला लावतो. पंपाला पैसे घातलेल्या माणसाला पुढची चार वर्षं सगळीकडे पंपच ऐकू येतो.

आमच्या सासरी बिछायत केंद्र आहे. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: मंडप, खुर्च्या, गाद्या, कनाती, स्वयंपाकाचे गंज आणि कढया भाड्यानं देणारं दुकान. बुकिंग आणि हिशेब माझ्याकडे असतात. डिझेलचे पैसे मीच देते, दुरुस्तीची बिलंही माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे गाडीचा आवाज बहुतेक वेळा मला आधी आकड्यांतच ऐकू येतो. पिकअप २००९ सालची आहे. चार सिलिंडरचं जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन, त्याला मेकॅनिकल पंप. गणपती, नवरात्र, दीक्षाभूमीच्या दिवसांतले भोजनदानाचे मंडप आणि त्यानंतर लग्नसराई एवढं सगळं ती ओढते.

गेल्या पोळ्याच्या सुमारास ती हलायला लागली. उभ्या गाडीत स्टीअरिंग थरथरायचं, आरशातला मागचा रस्ता पुसट दिसायचा, दाराच्या खिशातली पावतीपुस्तकं सरकत सरकत एका कोपऱ्यात जमायची. मारबतीच्या, म्हणजे रोगराई घालवायला पुतळ्याची मिरवणूक निघते त्या दिवशी पोरांनी मिरवणुकीतली आरोळी थेट गाडीलाच लावली, ‘खोकला, पडसं, ह्या इंजिनचा आवाज, घेऊन जाय गे मारबत!’ मारबतीनं काही नेलं नाही. दिराचं मत असं पडलं की पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा नवी घ्यावी. ड्रायव्हरचं मत बेअरिंग. मग गाडी नागपुरात कामठी रोडच्या बाजूला ज्या मिस्त्रीकडे जाते त्याच्याकडे गेली, आणि हिशेब माझा म्हणून मीही गेले.

मिस्त्रीनं बॉनेटला हात लावला नाही. म्हणाला, आधी गाडी रिकामी करा.

मागे गंज होते, मंडपाचे पाइप होते, फाळक्याची साखळी लोंबत होती. हे सगळं उतरवल्यावर निम्मा आवाज तिथेच उतरला. मग त्यानं सीटखालचा जॅक बाहेर काढला, स्टेपनी हातानं हलवून पाहिली, सायलेन्सरच्या क्लॅम्पला लाथ मारली. जुन्या मालवाहू गाडीत अर्धे आवाज इंजिनचे नसतातच. सायलेन्सर लटकवणारं रबर तुटलेलं असतं, बॅटरीची पट्टी ढिली असते, नाहीतर एअर फिल्टरच्या डब्याचा एक बोल्ट कधीचा पडून गेलेला असतो. हे आवाज इंजिनच्या ठेक्यावरच वाजतात, म्हणून संशय इंजिनावर जातो. ‘दहा रुपयाच्या बोल्टापायी लोकं हेड उतरवतात, वैनी,’ तो म्हणाला. दहा रुपयांचं मला माहीत नाही, पण माझ्या वहीतल्या दोन-तीन जुन्या बिलांकडे मी नंतर संशयानं पाहिलं.

मग त्यानं ड्रायव्हरला विचारायला सुरुवात केली. ‘कधी येते आवाज? सकाळी पहिल्या स्टार्टले जास्त, का गरम झाल्यावर? उभ्या गाडीत, का चालत्या? रेस दिली तर वाढते का दबते? क्लच दाबला तर?’ ड्रायव्हर बेअरिंग हे उत्तर घेऊन आला होता. त्यातल्या एकाही प्रश्नाला ते चालेना. ‘येते ना बावा दिवसभर,’ एवढं म्हणून तो गप्प झाला. मिस्त्री म्हणाला, ‘दिवसभर काहीच येत नसते. गाडी ठेवून जा. उद्या सकाळी थंडी सुरू करतो, तवा या.’

मला हा माणूस आवडतो तो इथे. आवाज कसा आहे हे तो विचारतच नाही. खडखड, घरघर, टकटक हे शब्द ज्याचे त्याचे असतात. माझी घरघर ती ड्रायव्हरची खरखर. पण थंड इंजिनात येतो आणि दहा मिनिटांत जातो, हे दोघांनाही सारखंच दिसतं. क्लचचंच घ्या. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पाय क्लचवर नसताना आवाज येतो आणि दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे पाहायचं, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. इथे कानाचं काम फक्त ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच, बाकी सगळं पायानं होतं.

थंड आणि गरम हा फरक डिझेल इंजिनात जास्तच बोलका असतो. या इंजिनात प्लगची ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं तत्त्व आजही तेच आहे: हवा इतकी दाबायची की तिचं तापमान ५०० अंशांच्या पुढे जावं, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारायचं. इंधन फवारलं की त्याच क्षणी पेटत नाही, जरासा उशीर होतो. त्या उशिरात जमलेलं इंधन एकदम भडकतं, दाब झटक्यानं चढतो आणि ठोका पडतो. डिझेलची ही जी ठकठक, ती जन्मजात आहे, बिघाड नव्हे. डिसेंबरात नागपुरात पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो तेव्हा इंजिन थंड, हवा थंड, पेटायला उशीर जास्त, म्हणून ठोकाही मोठा. तो ऐकून घाबरण्यात अर्थ नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की चिंता दुसरी. तेल पातळ होतं, बेअरिंग झिजलेलं असलं तर गरम इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना तेलाचा दाब पडतो, आणि थंड असताना गप्प बसलेला खालचा जड ठोका दुपारी बोलायला लागतो. त्या ठोक्याला मात्र मिस्त्रीकडे एकच उत्तर आहे: किल्ली बंद करा आणि टोचन करून आणा. क्रँक शाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असताना ‘चार किलोमीटरच तर जायचं आहे’ म्हणणाऱ्यांनी इंजिनचा ब्लॉक फोडून घेतल्याच्या गोष्टी त्याच्याकडे पुष्कळ आहेत. सगळ्या खऱ्या असतील असं नाही. पण रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा शेजारच्या दुकानाचं शटर अर्धंच उघडलेलं होतं. ड्रायव्हरनं स्टार्ट मारला. इंजिन धरलं, पण कसंबसं. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि डोळे चुरचुरले. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त, निळसर म्हणजे तेल जळतंय, आणि थंड स्टार्टला असा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर पडतंय. गाडी उभी असताना हलत होती, रेस दिली की हलणं कमी व्हायचं. मिस्त्रीनं मान डोलावली. ‘एक सिलिंडर काम नाही करून राह्यलं.’

घरी येऊन मी कागदावर मांडलं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरला की चारही सिलिंडर एकेकदा पेटतात, म्हणजे एका फेऱ्यात दोन ठोके. आयडलला मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठोके. इतके ठोके सुटे कळत नाहीत, एकसंध घरघर ऐकू येते. त्यातलं एक सिलिंडर गळालं की सेकंदाला सहा-सात वेळा खड्डा पडतो. आमची चार पोरं भरला गंज उचलून चालतात आणि त्यातल्या एकाचा पाय लचकलेला असतो, तेव्हा त्याच्या पावलाला गंज जसा दर खेपेला एकाच बाजूला कलंडतो, तसंच हे. सेकंदाला सहा-सात ही गती कानाला ऐकू येण्याच्या खालची. ती हाताला, मांडीला, आरशाला कळते. म्हणूनच ड्रायव्हरनं मला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये काहीच नव्हतं. नुसती घरघर आणि मागून एका स्कूटरचा हॉर्न. लोक हल्ली फोनवरून आवाज पाठवतात आणि लांबून निदान मागतात. टिकटिक, शिट्टी, किरकिर फोन पकडतो. इंजिनचं लंगडणं पकडत नाही.

कोणतं सिलिंडर, हे मिस्त्रीनं बोटानं शोधलं. पंपापासून डिझेल फवारणाऱ्या चार नोझलांकडे चार बारीक पोलादी पाइप जातात. त्यानं हात फडक्याला पुसला आणि एकेका पाइपवर मधलं बोट टेकवलं. पंप डिझेल ढकलतो तेव्हा पाइप आतून ठोका देतो, तो बोटाला लागतो. पहिल्यावर बोट थोडा वेळ राहिलं. दुसऱ्यावर राहिलं. तिसऱ्यावरून उठलं, परत टेकलं. मला म्हणाला, लावून पाहा. मी लावलं. पहिल्या पाइपचा ठोका टणक होता, तिसऱ्याचा मऊ आणि पसरट. मग त्यानं पान्यानं एकेका पाइपचा नट किंचित ढिला केला. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासं झालं की इंजिनचा सूर पडायला हवा. पहिल्याला पडला, दुसऱ्याला पडला, चौथ्यालाही पडला. तिसऱ्याला नट ढिला केला तरी इंजिन जसं होतं तसंच लंगडत राहिलं. जे काम करतच नव्हतं, त्याचं खाणं बंद केल्यानं काही बिघडलं नाही.

ही परीक्षा वाचून कोणी घरी करू नये. आणि नव्या कॉमन रेल इंजिनवर, म्हणजे जिथे सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून फार दाबाचं डिझेल मिळतं तिथे, तर कोणीच, कधीच नाही. मागच्या टायरमध्ये हवेचा दाब चार-साडेचार बार असतो. जुनं नोझल साधारण दोनशे बारच्या पुढे उघडतं. कॉमन रेलमध्ये तोच दाब हजार बारच्या वर जातो, आणि तिथून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचेएवढी दिसते, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जातो. म्हणून नव्या गाड्यांचं हे काम स्कॅनर लावून करतात. स्कॅनर कोणत्या सिलिंडरला किती जास्त डिझेल द्यावं लागतंय ते आकड्यांत दाखवतो. ते चांगलंच आहे. फक्त आकडा म्हणजे निदान नव्हे, हे तिथेही विसरलं जातं आणि सरसकट चारही इंजेक्टर बदलले जातात.

कारण तिसरं सिलिंडर गळालंय एवढं कळलं म्हणजे का गळालंय ते कळलं असं नाही. नोझल खराब असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. पहिलं काम हजार-दोन हजारांचं, शेवटचं इंजिन उतरवण्याचं. यावरची मिस्त्रीची युक्ती मला फार आवडली. त्यानं तिसऱ्याचं नोझल काढून पहिल्यात बसवलं, पहिल्याचं तिसऱ्यात. तांब्याचे वॉशर नवे घातले. गाडी सुरू केली. आता तिसरं सिलिंडर नीट चाललं आणि पहिलं लंगडायला लागलं. दोष नोझलबरोबर सरकला. तिथेच राहिला असता तर सिलिंडरचा. अंदाज नाही, वाद नाही, नवा पार्टही नाही.

नोझल पंपवाल्याकडे नेलं. अशा दुकानांची खोली बाकी गॅरेजसारखी काळी नसते, कारण बारीक धूळही नोझलचं छिद्र बंद करते. टेबलावर हाताचा दांडा असलेला टेस्टर, त्यावर दाबाचा काटा, खाली काचेचं भांडं. चांगलं नोझल त्यावर लावून दांडा दाबला की चर्रकन आवाज येतो आणि भांड्यात धुकं उठतं, सगळ्या छिद्रांतून सारखं. आमच्यातून एका बाजूनं धुकं आलं, दुसऱ्या बाजूनं सरळ धार. दांडा सोडल्यावर नोझलच्या टोकाला एक थेंब जमला, फुगला, लोंबला आणि पडला. मग दुसरा जमायला लागला. ‘हेच टपकते आत,’ पंपवाला म्हणाला. ते टपकलेलं डिझेल पेटत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं आणि खाली चेंबरमधल्या तेलात मिसळतं. म्हणजे आणखी काही महिने चालवलं असतं, तर रिंगांचंही काम खरंच निघालं असतं आणि टपरीवरचा तिसरा माणूस बरोबर ठरला असता.

नवं नोझल बसलं. लंगडणं गेलं. पण थरथर पुरती गेली नाही.

इथे माझ्या दिरानं ‘मी म्हणत होतो ना’ असा चेहरा केला. मिस्त्रीनं ड्रायव्हरला ब्रेक घट्ट दाबून ठेवायला सांगितलं, पहिला गिअर टाकून क्लच अगदी थोडा सोडायला लावला, मग रिव्हर्स टाकून तसंच. स्वतः बाजूला उभा राहून पाहत होता. इंजिन एका बाजूनं उचललं जात होतं आणि धपकन बसत होतं. फाउंडेशनचं रबर गेलं होतं. इंजिन चासीवर थेट बसत नाही, मधे जाड रबराचे तुकडे असतात. इंजिन हललं तरी ते हलणं चासीत उतरू नये म्हणून. रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून तेल झिरपत होतं आणि बरोबर त्या रबरावर पडत होतं. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, शेवटी लोखंड लोखंडाला टेकतं आणि अख्खी केबिन इंजिनबरोबर गुणगुणायला लागते. नुसतं रबर बदललं असतं तर वर्षभरात तेच झालं असतं, म्हणून आधी गॅस्केट.

बेल्टचं लवकर सांगते, कारण तिथे काही निघालं नाही. बेल्ट उतरवून इंजिन मिनिटभर चालवायचं. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये. आमचा गेला नाही, म्हणून बेल्ट परत चढला.

उरली वरची टिकटिक. मिस्त्रीनं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग. तो हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो, म्हणून ही टिकटिक इंजिनच्या घाईपेक्षा संथ वाटते. मी म्हटलं, हीपण काढून टाका. तो नाही म्हणाला. गॅप तपासला, ठरलेल्या मापात होता. ‘टॅपेट वाजते तोवर बरं असते वैनी. टाइट केलं का आवाज जाते, पण व्हॉल्व्ह जळते.’ आवाज जाणं आणि दोष जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बिल भरणाऱ्याला पटायला जरा वेळ लागतो. मला पटलं, कारण व्हॉल्व्हच्या कामाचा आकडा मी विचारला होता.

थोडं थरथरणं तर राहतंच. एका ओळीत चार सिलिंडर असले की पिस्टनच्या वर-खाली जाण्यातून क्रँकच्या दुप्पट गतीचा एक झटका उरतो. तो काढायला इंग्लंडच्या लँचेस्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उलटसुलट फिरणारे दोन जादा शाफ्ट सुचवले होते. आमच्या गाडीत ते नाहीत. २००५ साली आलेल्या टाटा एसमध्ये, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीत, तर ७०२ सीसीचं दोनच सिलिंडरचं इंजिन होतं. तो उभ्याउभ्या जो नाचतो तो त्याचा स्वभाव. त्यात बिघाड शोधणारा गिऱ्हाईक मिस्त्रीला रोज भेटत असणार.

आता राहिलं ते चालत्या गाडीतलं. उभ्या गाडीत शांत, पण वर्धा रोडला वेग धरला की खालून घुंकार. याची परीक्षा सोपी आहे आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर करायची आहे. वेग तोच ठेवून गिअर बदलायचा. इंजिनचे फेरे बदलले, वेग नाही. थरथर बदलली तर इंजिनची, तशीच राहिली तर चाकं, मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस म्हणजे सांधे, सेंटर बेअरिंग यांतलं काहीतरी. फक्त ती नागपूरच्या आतल्या सिमेंट रस्त्यांवर करू नये. त्या रस्त्यांना साधारण चार-साडेचार मीटरवर सांधे असतात. चाळीसच्या वेगानं सेकंदाला दोन-तीन ठोके चाकांतून असेच येतात, आणि वेग वाढवला की वाढतात, अगदी आजारी शाफ्ट वागावा तसे. दिरानं याच रस्त्यांवर गाडी फिरवून डिफरन्शियल गेल्याचं जाहीर केलं होतं. डांबरी पट्टा लागला की त्याचं डिफरन्शियल बरं व्हायचं.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, आणि आमची तारीख दिवाळीनंतर आहे. त्यापाठोपाठ तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि गाडी मोकळी सापडत नाही. म्हणून खालचं काम त्याआधी उरकायचं आहे. घुंकार कधी येतो ते ड्रायव्हरला मी डिझेलच्या वहीतच लिहायला सांगितलं. परवा त्यानं लिहून आणलं: ‘५५ ले सुरू होते. ७० च्या वर नाही. गिअर बदलला तरी तसंच. रिकामी असली तर नाही.’

मी ते फोनवर मिस्त्रीला वाचून दाखवलं. क्रॉस बदलून टाकतो असं तो म्हणेल, अशी माझी तयारी होती. ‘रिकामी असली तर नाही?’ त्यानं पुन्हा विचारलं. ‘मग मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले असतील. लोडानं मागचा एक्सल वर जाते, शाफ्टचा कोन बदलते. शाफ्टले हात नंतर लावू. गाडी भरून पाठवा, गंज-बिंज काही उतरवू नका.’